कुलूप घातलेली डीव्हीडी

कंधारचं घर सोडलं त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता आणि माझा विलास एकेक सामान उचलून मला विचारत होता, हे न्यायचं का ठेवायचं. न्यायचं थोडं, ठेवायचं लई. पाटा ठेवला, रांजण ठेवला. टीव्हीखालचा डीव्हीडीचा डबा त्यानं हातात घेतला आणि म्हणाला, "आई, हे भंगार कशाला? तिकडं सगळं कॉम्प्युटरवर दिसतं." मी डबा शेजारच्या रुकसानाभाभीला दिला. डिस्क मात्र पातळाच्या घडीत घालून बरोबर घेतली. माझी नात गौरी तवा तिसरीत. टेम्पोत पुढं बसून ती सगळ्या गल्लीला हात करून राहिली होती. तिला वाटलं, जत्रेला चाललो.

कंधारच्या माझ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या पुण्याला येऊन पडलेल्यांनो, ती डिस्क कशाची हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक हाय. माझ्या मंगलच्या लग्नाची. मंगल माझी थोरली, लातूरला दिली होती. गौरी पाळण्यात असतानाच ती तापानं गेली. जावयानं दुसरं लग्न केलं, लेकरू माझ्यापाशी आलं. आमच्या मालकांनी ती डिस्क ट्रंकेत टाकली आणि त्यांच्या हयातीत कुणी ती लावायचं नाव काढलं न्हाई. पुढं ते पण गेले, आणि विलास म्हणाला, आता इथं कशाला राहता दोघी.

पुणं वाईट न्हाई, उगंच नावं कशाला ठेवू. नळाला पाणी येतं, लिफ्ट हाय, दवाखाना जवळ हाय. पण इथं मी तोंड उघडलं की समोरची बाई आधी हसते, मग उत्तर देते. गौरीला तर शाळेत पोरींनी लई चिडवलं. "काय करून राहिलीस गं," असं तिच्याच बोलण्याची नक्कल करून तिला विचारायच्या. दिवाळीपर्यंत लेकरानं सगळं बोलणं बदललं. घरात सुद्धा. मला म्हणायची, "आजी, काय करतेयस?" मला वाटायचं, ही कुणाची पोर घरात आली.

आता ती कॉलेजात जाते. मागं एकदा मी कपड्यांच्या घड्या घालत होते तर जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, आईचा आवाज कसा होता?"

मी मंगलसारखं बोलून दाखवलं. गौरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हा तर तुझाच आहे."

खरंच होतं ते. फोटो लई हायत, भिंतीवर हाय, पाकिटात हाय. आवाज कुठून आणायचा? तवा मोबाइल असे नव्हते. मग मला डिस्क आठवली. आपल्याकडचं लग्नाचं शूटिंग तुम्हाला माहीतच हाय. स्टुडिओवाला सगळ्या बोलण्यावर पिक्चरची गाणी चढवतो. हळद लावताना गाणं, पंगत बसली की गाणं, पोरगी रडायला लागली की रडकं गाणं. माणसं नुसती तोंडं हलवतात. फक्त दोन ठिकाणी तो खरा आवाज ठेवायचा. एक मंगलाष्टका, आणि दुसरं घास भरवताना नवरीनं नाव घ्यायचं तेवढं. म्हणजे माझी लेक त्या डिस्कमध्ये बोलती होती ती एका उखाण्यापुरती.

विलासच्या कॉम्प्युटरला डिस्क घालायची फटच न्हाई. त्यानं वेगळं यंत्र मागवलं, वायरीनं जोडलं. डिस्क आत गेली, घरघर केली, आणि पडद्यावर आलं की आत काहीच न्हाई. रिकामी. मग त्यानं दुसरं सॉफ्टवेअर घातलं, तर स्टुडिओचं नाव आलं, गणपती आला, फुलं पडली, आणि तिथंच सगळं थिजलं. कॉपी काढायला गेला तर ते पण अर्ध्यात बंद. गौरी रोज कॉलेजातून आली की आधी विचारायची, लागली का? विलास कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. तो माझ्यावरच चिडला, म्हणाला, डिस्कला हळदीकुंकू लावून ठेवलं असशील.

शेवटी एका दुकानदारानं तपासून सांगितलं, "काकू, डिस्क चांगली आहे. बनवणाऱ्यानं लॉक केलीय. कॉम्प्युटरला खोटीच माहिती दाखवायची, म्हणजे कुणी कॉपी काढू नये. टीव्हीच्या जुन्या प्लेअरला हे कळत नाही, तो सरळ वाचत जातो. तो मिळवा."

आणि मला आमचा स्टुडिओवाला डोळ्यांसमोर दिसला. एक डिस्क पोरीकडच्यांना, एक पोराकडच्यांना, आणि पाहुण्यांना पाहिजे असली तर त्याच्याच दुकानात यायचं. डिस्क देताना छाती फुगवून म्हणाला होता, "काकू, पक्कं कुलूप घातलंय. माझ्याशिवाय कुणी काढणार न्हाई." आम्हाला त्याचं लई कौतुक. मालकांनी त्याला चहा पाजला होता. विलासनं फोन करून चौकशी केली, तर स्टुडिओ कधीचा मोडला, तो माणूस गाव सोडून गेला, आणि जुन्या टेपांवर त्यानं दुसऱ्यांची लग्नं भरली होती. जावयाला विचारलं. त्यानं सांगितलं, घर बदलताना गेली कुठंतरी. त्याच्या दुसऱ्या बायकोसमोर ती डिस्क कुणी जपली असती?

मग मी रुकसानाभाभीला फोन लावला. ती आधी हसली. "काकू, पुणे जाके सब मिल्या, एक डब्बा नै मिल्या क्या?" मग म्हणाली, "हाय ना. फेंक्या नै. आ जाव."

सुट्टी बघून गौरी आणि मी निघालो. नांदेडला उतरून कंधारची बस धरली. आमच्या घराला नव्या मालकानं निळा रंग दिलाय, दाराला ग्रील लावलंय. मी खाली बघून पुढं गेले. गौरी मात्र उभी राहिली, आणि तिनं मला विचारलं, "आपलं कुठलं होतं?"

भाभीनं जुना टीव्ही पुसून ठेवला होता. तिच्या लेकानं लाल, पांढऱ्या, पिवळ्या वायरी खोचल्या. गौरी मोबाइल समोर धरून बसली, चाललं तेवढं भरून घ्यायला. गणपती आला, फुलं पडली, आणि ह्या वेळी थांबलं न्हाई. मालक फेटा बांधून हिंडत होते. मंगल हिरव्या चुड्यात. गाण्यामागं गाणं. मग पंगत लागली, गाणं कापलं गेलं, आणि भांड्यांचा, बायांचा कालवा एकदम खोलीत आला.

मंगलनं घास उचलला. मान खाली. ओठ हलले, पण काही ऐकू येईना. तेवढ्यात टीव्हीतून माझाच आवाज आला, खणखणीत: "मोठ्यानं घे गं, ऐकू येईना."

आणि मंगलनं मान वर केली. "थांब की गं आई, घेऊन राहिले न्हवं."

बाया हसल्या. त्या हसण्यात तिनं नाव घेतलं, पण एक शब्द धड कळला न्हाई. घास जावयाच्या तोंडापाशी नेला आणि चित्र चौकोन चौकोन होऊन अडकलं. डबा कटकट आवाज करायला लागला. भाभीच्या लेकानं डिस्क काढून, पुसून, परत घातली, पण पुन्हा तो गणपती सुद्धा आला न्हाई. डबा म्हातारा झालेला, जाता जाता डिस्कवर पण खोल चरे पाडून गेला. भाभी माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मंगलला पोळ्या मी शिकवल्या होत्या, पण शिरखुर्मा भाभीनं शिकवला होता.

परतीच्या बसमध्ये गौरीनं कानात वायर घालून तेवढंच ऐकलं, कितीतरी वेळा. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. रडली असती तर मी जवळ घेतली असती. नांदेड जवळ आलं तवा तिनं वायर काढली.

"आजी, मला वाटलं होतं, ऐकलं की ओळखू येईल," ती म्हणाली. "हा आवाज कुणाचाही असू शकतो गं."

मी खिडकीची काच ओढून घेतली. ज्या बोलण्याला पोरी हसल्या म्हणून हिनं ते टाकलं, त्याच बोलण्यात हिची आई बोलली होती.

तुम्ही फोनवर विचारता, काकू, घराची आठवण येते का? कुठल्या घराची सांगू? निळं रंगवलेलं माझं न्हाई. पुण्यातलं विलासचं. माझं म्हणायला आता लेकीचं एक वाक्य उरलंय, एका दमात संपतं ते. अधूनमधून मी गौरीला म्हणते, लाव बाई जरा. ती न्हाई म्हणत न्हाई. लावते, मोबाइल माझ्या कानापाशी धरून देते, आणि बाहेर ग्यालरीत जाऊन उभी राहते.