चांदीची झाक
मनीषनगरात चायनीजच्या गाडीवर कुणी व्हिनेगरची बाटली उघडली, की मला सीताबर्डीतल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला लिलाव आठवतो आणि तोंड कडू होतं. डार्करूमचा तसाच आंबट वास तिथल्या भिंतींत मुरला होता. जुने फोटो जमवायचं वेड मला नुकतंच लागलं होतं. संत्र्यांनी भरलेल्या बैलगाड्यांचा एक फोटो हातात घेतला आणि खाली ठेववेना. तेवढ्यात या नादात केस पांढरे केलेले एक काका खांद्यावरून डोकावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काहून टाइम खराब करून राहिला गा? कॉपी आहे हे, आत्ताची." एवढा जाणकार माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणून मी फोटो खाली ठेवला. बाकीच्यांनीही त्याचा नाद सोडला. बोली लागली तेव्हा एकच हात वर गेला, त्यांचा. निघताना त्यांनी फोटो खिडकीशी तिरपा धरला. काळ्या भागावर चांदीसारखी झाक चमकली. ती जुन्या प्रिंटवरच येते, आत्ताच्या कॉपीवर नाही. "शिकून घे," म्हणाले आणि हसले. इतक्या वर्षांनी, परवाच्या लिलावात तोच फोटो ते विकायला घेऊन आले. आता लोक बोली लावण्याआधी मला विचारतात. "सांग गा या लोकायले, असली आहे म्हणून," काका म्हणाले. मी फोटो खिडकीशी नेला, तिरपा केला. झाक आणखी गडद झाली होती. "कॉपी आहे काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुम्हीच तर सांगतलं होतं."