चार मशिनी आणि एक इन्व्हर्टर

आमच्या भिवंडीच्या घरात खाली लूम होते आणि वर माझा चार कोरचा, म्हणजे एका वेळी चार कामं करू शकणारा कॉम्प्युटर. नवी औषधं शोधायला लागणारी गणितं जगभरच्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर फुकटात करून घेणारा एक प्रकल्प होता. त्याचं सॉफ्टवेअर एकच कोर वापरायचं, म्हणून मी कॉम्प्युटरच्या आत चार व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे चार आभासी कॉम्प्युटर, उभ्या केल्या आणि प्रत्येकीला वेगळं गणित दिलं.

बाबांना ते लगेच पटलं. रिकामा लूम दिसला की जन्मभर शिव्या घालणारा माणूस! कापसाच्या धुळीने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. ऑक्सिजनची मशीन लावून ते माझ्या खोलीत बसायचे, पडद्यावरचे आकडे बघत.

"माज्या छातीचं औषध निघंल ना यातून?"

"कुणाच्या तरी निघेल," मी म्हणायचो.

लाइट गेली तर कॉम्प्युटर खुशाल बंद करा, मशिनी नंतर तिथूनच पुढे चालतात, हे मी त्यांना घसा फोडून सांगितलं होतं. ऐकतील तर शपथ.

"लूम मधीच थांबला का कापडावर पट्टी पडते. तो माल कोन घेतो?"

एका दुपारी मी मानकोलीच्या गोदामात ड्युटीवर असताना लाइट गेली. आमच्या म्हाताऱ्या इन्व्हर्टरला कॉम्प्युटर आणि ऑक्सिजनची मशीन अशा दोन्हींचा भार झेपणारा नव्हता.

मी घरी आलो तेव्हा चारही गणितं चालू होती. बाबा खुर्चीतच गेले होते. ऑक्सिजनच्या मशीनचा प्लग काढून त्यांनी वायर नीट गुंडाळून ठेवली होती.