जनुकाच्या अलीकडे

फेब्रुवारीत धुकं विरलं की चंडीगडचं ऊन आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून थेट रक्ताच्या नळ्यांवर उतरतं आणि स्पिरिटच्या वासात बाहेरच्या ओल्या गवताचा वास मिसळतो. अशाच एका दुपारी मुल्लानपूरचे नवरा-बायको हरजीत आणि सिमरन घरच्या पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा, डबा घेऊन आले. सिमरन थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, तिसरा महिना लागलेला. हरजीतच्या रक्तात मात्र दोष नाही, असा रिपोर्ट मी आदल्या आठवड्यात दिला होता. म्हणजे बाळाला धोका नाही. बोटं तुपाने माखेपर्यंत मीही पिन्नी खाल्ली.

चूक माझीच. हरजीतच्या तांबड्या पेशी जराशा लहान होत्या. लोह कमी असेल म्हणून मी सोडून दिलं. हिमोग्लोबिनचं जनुक पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत वाचलं, ते निर्दोष निघालं, आणि सही ठोकून मोकळी झाले. चार दिवसांनी माझी सहकारी कुलविंदर हिने सहज विचारलं, जनुकाच्या अलीकडचं वाचलंस का? वाचलं नव्हतं.

हे जनुक यकृतात, त्वचेत, डोळ्यांतही असतं, पण तिथे ते जन्मभर मुकं राहतं. अस्थिमज्जेत तांबडी होऊ घातलेल्या पेशीतच ते बोलतं, कारण त्याच्या अलीकडची इवलीशी पट्टी, म्हणजे प्रमोटर, ओळखून त्याला जागं करणारी प्रथिनं तिथेच जमतात. पुढे ती पेशी आपलं केंद्रकच टाकून देते. जे सांगायचं ते त्याआधीच सांगून व्हावं लागतं. आता वाचली तेव्हा हरजीतच्या त्या पट्टीत एकच अक्षर बदललेलं निघालं. जनुक धडधाकट, हुकूम तेवढा क्षीण.

दोघांना परत बोलावलं. बाळात दोन्हीकडचे दोष एकत्र येण्याची शक्यता चारात एक, तसं झालं तरी आजार बहुधा सौम्य, गर्भाची तपासणी मात्र लगेच करायला हवी, हे सगळं मी सावकाश सांगितलं. माफीही मागितली. सिमरनने शांतपणे विचारलं, “डॉक्टरजी, आपका अपना बच्चा होता, तो भी इतना ही पढ़तीं?”

माझ्या मुलीच्या वेळी माझे आणि नवऱ्याचे रिपोर्ट मी तिघांकडून तपासून घेतले होते, त्या पट्टीसकट. माझी विद्या तेव्हाही हीच होती. कुणासाठी जागी व्हायचं, ते तिचं तीच ठरवत आली होती. मला लाज वाटली.

“नहीं,” मी म्हणाले, आणि तिने तपासणीची तारीख विचारेपर्यंत माझी मान वर झाली नाही.