नखावर घासलेली पथरी

काल ओल्या दगडाचा वास आला आणि मला मळवलीचं, सासऱ्यांचं अंगण आठवलं. पुण्याला विजेची गाडी नुकतीच सुरू झाली होती, आणि त्या गाडीनं जाऊन मी वस्तऱ्याला धार लावायची विलायती पथरी आणली होती. लोणावळ्यात माझं केस कापायचं दुकान नवं होतं, आणि ऐट दुकानापेक्षा मोठी. थोरल्या मुलाचं जावळ मीच काढणार, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सासरेही न्हावीच. त्यांनी माझा वस्तरा मनगटावर फिरवून पाहिला. “न्हाई जावईबापू. लेकराची टाळू हाय.” मग माझी पथरी त्यांनी अंगठ्याच्या नखावर घासली, तर नखावर बारीक रेघा उठल्या. हत्यारांच्या धोपटीतून आपली काळी, मधे झिजलेली पथरी काढून दुसऱ्या नखावर घासली, तर नख शिंपल्यासारखं चमकलं. “नदीतलं लय दगड घासलं, तवा ह्यो गावला.” मी त्या पथरीवर वस्तरा दाबून ओढू लागलो तसा त्यांनी माझा हात धरला. “दाबू नका. त्याच्या वजनानंच जाऊ द्या. आवाज थांबला की धार आली समजा.” खरखर हळूहळू विरत गेली, आणि शेवटी वस्तरा फिरतोय हेसुद्धा ऐकू येईना. पोर मामाच्या मांडीवर झोपलं होतं. मी सगळं जावळ उतरवलं तरी ते जागं झालं नाही. आता या वयात वस्तरा माझ्या हाताला पेलत नाही. काल त्याच मुलानं, सासऱ्यांनी पुढे मला दिलेल्या त्याच पथरीवर धार लावून माझी दाढी केली, आणि मला हलवून म्हणाला, “बाबा, उठा. झाली.”