दंडावर खूण नसलेल्या मुली

मुलींच्या शाळेच्या फाटकात उभं राहून दंड तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळ्यांत नवी मास्तरीण होते. म्युनिसिपालिटीचा हुकूम निघाला होता. देवी काढल्याची, म्हणजे देवीची लस टोचल्याची, खूण दंडावर नसेल, तर त्या मुलीला वर्गात बसू द्यायचं नाही. मी पोलक्याची बाही वर सारायची आणि खूण दिसली नाही तर मुलीला घरी पाठवायची. पहिल्याच दिवशी एका म्हातारीने माझ्या तोंडावर शेण फेकलं. दुसरीने माझं वैधव्य काढलं. मी पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या मुलीची बाही वर केली.

सुईबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. लहानपणी आमची धाकटी बहीण देवीत गेली. तिला केळीच्या पानावर निजवलं होतं. उचलली तेव्हा पाठीची कातडी पानालाच राहिली. ते मी पाहिलं होतं आणि माझ्या थोरल्या भावानेही पाहिलं होतं. नवरा गेल्यावर मी या भावाकडेच राहत असे. तो खादीचं दुकान चालवायचा, सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आला होता आणि गावात त्याच्या शब्दाला वजन होतं.

देवी काढणारा माणूस धुळ्याहून यायचा. सगळे त्याला देवीडॉक्टर म्हणत. तो तापट होता. पोर रडलं की त्याचा दंड आणखी आवळायचा, आया मध्ये पडल्या की त्यांचे हात झटकून टाकायचा. खरं म्हणजे हे काम थंडीत उरकायचं असतं. पण हुकूम उशिरा निघाला आणि देवी काढता काढता उन्हाळा तोंडावर आला. खानदेशातला उन्हाळा तो. लसीच्या नळ्या आमच्या शाळेच्या कोठीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून माठात ठेवलेल्या असत. लस उन्हाने बिघडू नये म्हणून बर्फासाठी रक्कम मंजूर झाली होती, पण बर्फ कधी आला नाही. त्याच सुमाराला कोणी मोठा साहेब गावाला भेट देऊन गेला. त्याच्यासाठी स्टेशनपासून कचेरीपर्यंत कमानी उभारल्या आणि मंडपात चहापान झालं.

मग मुलींचे दंड सुजायला लागले. काहींना पू झाला, काहींना ताप भरला. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या तापात गेली. तिचा बाप सरकीच्या गाड्या हाकायचा. तिला फाटकातून मीच परत पाठवलं होतं आणि देवी काढून आल्यावर मीच वर्गात घेतलं होतं. मी घरी भेटायला गेले तेव्हा तिची आई चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही. आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाली, "मास्तरीणबाई, खूण देखी ना तुम्ही? आते जा."

त्या रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "उद्या चौकात सभा आहे. ही सक्ती बंद झाली पाहिजे."

"सक्ती नसती तर कोण आलं असतं देवी काढायला?" मी म्हटलं. "आपली धाकटी आठवते ना?"

"आठवते म्हणूनच बोलतो. लोकांच्या पोरींच्या दंडात सुई घालायची तर सुईवरचं औषध तरी धड हवं. बर्फाचा पैसा गेला कुठे, हे विचारायचं नाही का?"

"विचार ना. पण देवी काढूच नका असं सांगू नकोस. लोक तेवढंच ऐकतील."

त्याने ताट पुढे सारलं. मग म्हणाला, "माझं बोलणं कोण कसं ऐकेल, ते माझ्या हातात नाही."

सभेला चौक भरला होता. भाऊ चांगला बोलला. त्याने देवीडॉक्टरचं नावही काढलं नाही. म्युनिसिपालिटीचे एक मेंबर, पेठेतले मोठे व्यापारी, ओट्यावर उभे होते. त्यांना त्याने सरळ विचारलं, "आबा, बर्फ का आला नाही? कमानी कशातून उभ्या राहिल्या?"

आबा म्हणाले, "खर्च नियमाला धरून झाला आहे."

"मग पोर कोणत्या नियमाने गेली?" मागून कोणीतरी विचारलं. आबांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडावर जोडा बसला. त्यामागून आला तो दगड होता. त्यांची पगडी खाली पडली, भुवई फुटली, आणि त्यांच्या नोकरांनी ओट्यावरून उड्या टाकून समोर सापडेल त्याला काठीने झोडायला सुरुवात केली. भाऊ हात वर करून ओरडत होता. कोणी ऐकत नव्हतं.

सकाळी तोच जमाव शाळेवर आला. देवीडॉक्टर नुकताच आत येऊन बसला होता. मी मुलींना मागच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. तोवर फाटक मोडलं होतं. त्यांनी त्याला खुर्चीसकट खाली ओढलं. काचेच्या नळ्या पायाखाली फुटत होत्या. गेलेल्या मुलीचा बाप पुढे होता. त्याच्या हातात जुवाची लोखंडी शिवळ होती, बैलाच्या मानेशी अडकवायची ती खीळ. त्याने ती देवीडॉक्टरच्या तोंडावर मारली, आणि दात जमिनीवर पडल्याचा आवाज मला गोंगाटातही ऐकू आला. त्याने पुन्हा हात उगारला.

"कसाले मारतस त्याले?" मी त्याच्या भाषेत म्हटलं आणि मध्ये गेले. शिवळ माझ्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचं आधी कळलंच नाही. फक्त हात खाली लोंबायला लागला.

तो थांबला. रागाने नव्हे, दमल्यासारखा म्हणाला, "बठ्ठा चोर शेतस, बाई. याच माले सापडना." सगळेच चोर, त्याच्या हाती लागला तो मात्र हा एकटा.

तेवढ्यात भाऊ आत घुसला. त्याने बापाला मिठी मारून मागे खेचलं, तर त्यालाही गद्दार म्हणून मार पडला. मग पोलीस आले. त्यांनी निवडानिवड केली नाही. पळणाऱ्यांच्या पाठी फोडल्या, पडलेल्यांना तुडवलं. भाऊचं डोकं माझ्यासमोर फुटलं. त्या बापाला दोघांनी पाय धरून फरफटत नेलं, तेव्हा त्याचं तोंड पायरीपायरीवर आपटत होतं. मागच्या खोलीतून मुलींच्या किंकाळ्या येत होत्या आणि माझ्या एका हाताने कडी निघत नव्हती.

देवीडॉक्टर वाचला, पण पुढे त्याला नीट बोलता आलं नाही. चौकशीला वरचा अंमलदार आला. त्याने मला विचारलं आणि मी पाहिलं ते सगळं सांगितलं. शिवळ कोणी मारली, हे सांगितलं. नळ्या माठात ठेवल्या होत्या, बर्फ कधीच आला नव्हता, हेही सांगितलं. पहिल्या उत्तराने बापाला सक्तमजुरी झाली. दुसऱ्या उत्तराने माझी नोकरी गेली. भाऊला चिथावणीबद्दल शिक्षा झाली. सुटून आल्यावर पुष्कळ दिवस त्याने माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

एकदा मात्र म्हणाला, "त्याचं नाव सांगायची काय गरज होती?"

"माठाचं सांगितलं, तेव्हा तुला बरं वाटलं ना? मग अर्धंच खरं कसं सांगायचं?"

आबा पुढच्या निवडणुकीत पडले. पैशाचा जाब मात्र कोणीच दिला नाही. नवी मंडळी आली, त्यांनी बर्फाची पेटी घेतली आणि हुकूम तसाच ठेवला.

पुढच्या थंडीत देवी काढायला नवा माणूस आला. मी बाजारातून येत होते. शाळेच्या भिंतीशी बायकांची रांग होती आणि रांगेत त्या गाडीवानाची बायको धाकट्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती. नवरा अजून तुरुंगात होता. मी मान खाली घालून पुढे निघाले, तर तिने हाक मारली.

"मास्तरीणबाई, हिले धर. माले देखावत नही."

मी पिशवी खाली ठेवली आणि पोरीला चांगल्या हातावर घेतलं. तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुई लागताच पोरीने माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला. काम झाल्यावर आईने तिला माझ्याकडून घेतलं, दंड उघडाच ठेवला आणि उन्हात चालू लागली.