ओंजळीनं पाणी

"वरून टाकते. ओंजळ कर."

मालकीणबाई शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी होती, हातात पाण्याचा लोटा. मी धानाची रोपं लावायचा रोवणा सोडून पाणी भरलेल्या बांधीतून बाहेर आले होते, कोपरापर्यंत चिखल. माझी बाटली त्या दिवशी घरीच राहिली होती. बाकीच्या बाया गिलासानं पाणी प्यायल्या. मी गिलासाला हात लावला तशी ती ओरडली, "ए, गिलास ठेव! तुया हाताले खरूज आहे ना?"

ठेवला. ओंजळ केली. चिरा पडलेल्या हातांवर पाणी पडलं आणि मिरची चोळल्यासारखी आग झाली. निम्मं पाणी कोपरावरून गळून गेलं. उरलं ते प्यायले. सगळ्या बाया बघत होत्या.

माझी आई लहानपणी अशीच पाणी प्यायची. तेव्हा सरळ जातीचं नाव घेऊन ओंजळ करायला लावत. ती सांगायची तेव्हा मी म्हणायची, आई, ते दिवस गेले. मूर्ख मी.

पण त्या दिवशी मला जात आठवलीच नाही. माझ्याच हातांची लाज वाटली. घरी येऊन कढत पाण्यात हात बुडवले. अड्याळच्या बाजारातून आणलेली कपड्याच्या साबणाची वडी आणि भांड्याची घासणी. सकाळ-संध्याकाळ घासायची. जितकं घासलं तितकी कातडी फाटत गेली. रक्त आलं. मग घरातही माझा गिलास मीच वेगळा केला. पोरीला भरवणं सोडलं. ती "आई, घास दे ना" म्हणायची आणि मी हात पदरात लपवायची. काय करणार होते? मला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासल्यावर सिस्टरनं आम्हा पाच-सहा जणांना बाकावर बसवलं आणि एकेकाला समजावू लागली. माझे हात तिनं उघड्या हातांनी धरले. मी ओढून घेतले.

"काहून ओढता ताई? इसब आहे हा. कोणाले लागत नाही. मळानं होत नाही."

"मंग मी रोज घासून राहिली, ते?"

"त्यानंच वाढला. कढत पाणी बंद, कपड्याचा साबण बंद. कोमट पाण्यानं धुवा, हात ओले हायेत तंवरच मलम लावा. पूर्ण जाईलच, असं नाही सांगत. येत राहते. सांभाळा लागते."

मी तिथंच रडले. बरं वाटलं म्हणून नाही. इतके दिवस स्वतःचीच कातडी सोलली म्हणून.

पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच बांधीवर गेले. दुसरीकडे काम नव्हतं. पाण्याच्या वेळी बाटली पिशवीतच ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही खरूज नाही. इसब आहे. लागत नाही. दवाखान्यात सांगितलं."

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नसंल लागत. पण तुमच्या लोकायले ओंजळीनं प्यायले काय होते? तुयी माय तं पेत होती."

तेव्हा कळलं. हात गुळगुळीत असते तरी तो गिलास मला मिळाला नसता.

मी ओंजळ केली नाही. माझ्या बाटलीतलं पाणी तिच्यासमोर प्यायले आणि पुन्हा ओळीत वाकले. निघून जायची ऐपत नव्हती.

इसब परत आलाय. येत राहणार. मी मलम लावते, आणि याच हातांनी पोरीला भरवते. पण हे हात पुन्हा कोणाच्या लोट्याखाली धरणार नाही. माझ्या पोरीचे तर धरूच देणार नाही.