नवा टाइम, जुना टाइम आणि दगडूची भाकरी

परवा पाथर्डीच्या शाळेत माझी चांगलीच जिरली... आणि मजा अशी की ज्या तासाला जिरली, त्याच तासाला मी जिंकलोही. ऐका.

पुण्याहून बी.एस्सी. होऊन इथे आलो, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा. मॅट्रिकच्या पोरांना सापेक्षतावाद शिकवायचा. अभ्यासक्रमात नाही, माहीत आहे. पण आपली पोरं कुणापेक्षा कमी आहेत का?

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो, यांना अजून दशांश अपूर्णांक धड येत नाहीत आणि तुम्ही काळ वाकवायला निघालात?" मी हटून बसलो, तेव्हा शनिवारचा एक तास दिला, पण अट घालून. इन्स्पेक्टरसाहेबांपुढे एका तरी पोरानं नीट उत्तर द्यायचं. नाही दिलं तर तो तास कवायतीला जाणार.

मी म्हटलं, एक काय, चाळीस देतील! मी बढाईखोर आहे, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको...

आता अडचण बघा. पुस्तकात सगळी उदाहरणं आगगाडीची आणि आमच्या तालुक्यात रूळच नाहीत. निम्म्या वर्गानं आगगाडी पाहिलेली नाही. बैलगाडीचं उदाहरण घेतलं, तर पोरं हसायला लागली. म्हणे, सर, बैलगाडी चालली का थांबली हे हाडंच सांगतात.

मग मला एकदम सुचलं. महायुद्धापायी सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली आहेत ना? शाळा चालते नव्या टाइमावर, गाव अजून जुन्याच टाइमावर. पोरं रोज त्यात अडकतात, उशिरा येतात, छड्या खातात. मी मोठ्या झोकात सांगितलं, "बघा, सगळ्यांचा काळ एकच असतो असं नाही!"

पटापट माना डोलल्या. मी खूश. वेगानं पळणाऱ्या गाडीत घड्याळाची चाल मंदावते, ही खरी गोष्ट मी घंटा होता होता घाईघाईनं सांगून टाकली... चूक झाली ती इथे.

परवा इन्स्पेक्टरसाहेब आले. कोट, टोपी, हातात छडीसारखी पेन्सिल. हेडमास्तर दारात उभे. साहेबांनी विचारलं, "काळ सापेक्ष आहे म्हणजे काय?" आणि खरंच, चाळीस हात वर! माझी छाती फुगली.

पहिल्या बाकावरचा किसन उठला. "साहेब, शाळेत अकरा वाजत्यात तवा आमच्या घरी धाच वाजल्याले असत्यात. म्हंजे काळ सापेक्ष."

साहेब गालात हसले. "म्हणजे हा सिद्धांत सरकारनं हुकूम काढून शोधला म्हणायचा!"

माझे कान तापले. कारण किसन बिचारा मी शिकवलं तेच बोलला होता. आणखी दोघांना विचारलं, त्यांचंही तेच. हेडमास्तर माझ्याकडे बघेनात. साहेबांनी वही मिटली आणि मला मनात कवायतीची शिट्टी ऐकू आली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, ते चूक हाय."

दगडू! वर्गातला सगळ्यात थोराड गडी. शाळेत उशिरा घातलेला, गेल्या साली लग्नही झालेलं. बायको वाडीवर, हा गावात खोली घेऊन राहतो आणि स्वतःच्या भाकरी स्वतः थापतो, म्हणून पोरं त्याला 'वहिनी' म्हणून चिडवतात.

"नव्या टाइमानं माझी भाकर लवकर भाजत न्हाई, साहेब. जुन्यानं मोजा का नव्यानं, तव्यावर तेवढाच येळ राहती. दोन्ही घड्याळांची चाल येकच हाय. येक नुस्तं म्होरं लावल्यालं."

साहेबांनी वही परत उघडली. "मग तुमचे सर म्हणतात ते काय?"

"सर म्हनले, लई जोरात पळनाऱ्या गाडीत चालच मंदावती. म्हंजे त्या गाडीत कुनी भाकर टाकली, तर भाईरून बघनाराला ती तव्यावर लई येळ दिसंल."

"आणि गाडीतल्या माणसाला?"

"त्याला काय कळतंय, साहेब? त्याचं घड्याळ मंद, त्याचा जाळ मंद, अन् त्याची भूक बी मंद! त्याची भाकर नेहमीवानीच व्हनार."

मग साहेब असे खदखदून हसले की टोपी सरकली. त्यांनी दगडूला जवळ बोलावून पाठीवर थाप मारली. तो एवढा मोठा गडी, लाजून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

अहो, मी पुस्तकं वाचून, आकृत्या काढून जे सांगू शकलो नाही ते यानं तव्यावर मांडलं! घंटेच्या गडबडीत टाकलेलं माझं एक वाक्य हा पठ्ठ्या आठवडाभर भाकरी थापताना घोळवत बसला होता. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

तास वाचला. जाता जाता हेडमास्तर एवढंच म्हणाले, "कवायत रविवारी घेऊ." त्यांच्या तोंडून हे म्हणजे मोठीच शाबासकी.

काल शनिवार. मी वर्गात आधी माझी चूक कबूल केली, किसनची माफी मागितली आणि खडू दगडूच्या हातात दिला. त्यानं फळ्यावर दोन तवे काढले. यावेळी कुणी 'वहिनी' म्हटलं नाही... मी शेवटच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होतो.

शाळा सुटल्यावर त्यानं खोलीवर जेवायला नेलं. चुलीपुढे बसून गरम भाकरी वाढत होता, सोबत ठेचा. पुढच्या शनिवारी काय शिकवायचं ते तिथेच दोघांनी मिळून ठरवलं. चार भाकरी कधी संपल्या ते कळलंच नाही.

दगडू हसून म्हणाला, "सर, तुमची गाडी काय पळत न्हाई. भूक येकदम टायमावर हाय!"